एअरब्रश कशाने धुवायचा? क्लीनर निवडण्यापासून शेवटच्या फवाऱ्यापर्यंत

एअरब्रश म्हणजे कपातला रंग हवेच्या जोरावर बारीक फवारा करून मारणारं, पेनासारखं साधन. तो नवा असतो तेव्हा सगळं लक्ष रंगावर असतं. कोणता रंग घ्यायचा, किती पातळ करायचा, प्रेशर किती ठेवायचं. तो साफ कशाने करायचा हा प्रश्न पडतो थेट नोझल, म्हणजे फवारा येतो ते बारीक तोंड, तुंबल्यावर, आणि मग हाताशी असेल ती बाटली उघडली जाते.

मीही तेच केलं होतं. पाण्यात मिसळणारा पॉलियुरेथेन प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, मारून झाला होता, कपाच्या तळाशी थोडा उरला होता. अल्कोहोलने सगळं निघतं असं ऐकलेलं, म्हणून त्या उरलेल्या प्रायमरवरच आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतलं. बघता बघता दूध नासावं तसा प्रायमर फाटला. राखाडी, चिवट गोळे झाले. काडीने उचलले तर रबरासारखे ताणले जात होते. ट्रिगर मागे ओढला की रंग यायला हवा, पण येत होती नुसती हवा. ०.३ मि.मी.च्या नोझलमध्ये एक गोळा जाऊन बसला होता, आणि तो काढता काढता अर्धी रात्र गेली.

दोष अल्कोहोलचाही नव्हता आणि प्रायमरचाही नव्हता. त्या दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं. तेव्हापासून क्लीनर निवडताना मी दोनच प्रश्न विचारते: हा रंग कशात सुटतो, आणि माझ्या एअरब्रशमधल्या रबराला आणि धातूला काय सोसतं? पुढचं सगळं या दोन प्रश्नांभोवतीच आहे.

पहिली पायरी: रंगातला बाइंडर ओळखा

रंगात पिगमेंट असतं म्हणजे रंगाची पूड, तिला धरून ठेवणारा बाइंडर असतो, आणि दोघांना वाहून नेणारं द्रव असतं. द्रव उडून जातं. पूड एकटी असती तर पाण्याच्या धारेनेही निघाली असती. नोझल तुंबवतो तो बाइंडर, कारण वाळला की तो धातूला धरून बसतो. म्हणून क्लीनर बाइंडर बघून घ्यायचा.

बाटलीवर 'अ‍ॅक्रिलिक' लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका. नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत याच शब्दाने होते. अ‍ॅक्रिलिक हे रेझिनचं, म्हणजे बाइंडर म्हणून वापरलेल्या पदार्थाचं नाव आहे. ते रेझिन पाण्यात तरंगतंय की अल्कोहोलमध्ये विरघळलंय, हे त्या शब्दावरून कळत नाही.

व्हॅलेहो किंवा क्रिएटेक्ससारख्या कंपन्यांचे पाण्यातले अ‍ॅक्रिलिक म्हणजे इमल्शन. रेझिनचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात, विरघळलेले नसतात. पाणी उडालं की हे कण एकमेकांना चिकटून एकसंध पापुद्रा होतो. एकदा तो झाला की परत पाणी ओतून उपयोग नाही, कारण पाण्यात रेझिन कधी विरघळलेलंच नव्हतं. ओला असताना नळाखाली सहज निघणारा रंग तासाभराने पाण्याला दाद का देत नाही, त्याचं कारण हे. ओलं इमल्शन आणि वाळलेला पापुद्रा या क्लीनरच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत.

तामियाचे छोट्या काचेच्या बाटलीतले अ‍ॅक्रिलिक मात्र अल्कोहोलच्या अंगाने जाणारे. ते पाण्यात मिसळतात, पण त्यांना अल्कोहोल किंवा लॅकर थिनर जास्त मानवतं. मिस्टर कलरसारखे लॅकर रंग सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे विरघळवणाऱ्या रासायनिक द्रवात, विरघळलेले असतात आणि वाळल्यावरही लॅकर थिनरमध्ये परत सुटतात. साफसफाईच्या दृष्टीने ते फार सोपे; त्रास असतो तो वासाचा आणि वाफांचा. इनॅमल आणि तैलरंग व्हाइट स्पिरिटने किंवा मिनरल टर्पेंटाइनने निघतात, पण ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू कडक होत जातात. आठवडाभर कपात राहिलेलं इनॅमल नुसत्या टर्पेंटाइनला बधत नाही. शेलॅकवर, म्हणजे लाखेवर बनलेल्या शाईला अल्कोहोल लागतं.

दोन भाग मिसळून वापरायच्या टू-के युरेथेन रंगांची गोष्ट वेगळी. हार्डनर मिसळला की कपात रासायनिक क्रिया सुरू होते. एकदा तो पक्का झाला की नेहमीच्या कुठल्याही थिनरमध्ये परत विरघळत नाही. त्यामुळे डब्यावर लिहिलेली वेळ संपायच्या आत त्याच कंपनीच्या थिनरने धुणं हा एकच उपाय. शिवाय हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, श्वसनमार्गाला अतिशय घातक. नुकतीच सुरुवात केली असेल तर या रंगांच्या वाटेला जाऊ नका.

हे सगळं लक्षात राहिलं नाही तरी एक गोष्ट ठेवा: रंगाच्या कंपनीने पातळ करायला जो थिनर सुचवला आहे, तो तुमचा पहिला क्लीनर. रंगाला तो चालतो हे कंपनीने आधीच तपासलेलं असतं. दुसरं काहीही वापरण्याआधी खालची चाचणी करा.

दुसरी पायरी: थेंबाची चाचणी

या चाचणीला पाच मिनिटंही लागत नाहीत आणि मी ती प्रत्येक नव्या बाटलीला करते. पांढऱ्या प्लास्टिकच्या झाकणात रंगाचे दोन थेंब टाका, शेजारी क्लीनरचे दोन थेंब. काडीने दोन्ही एकत्र आणा आणि मिनिटभर नुसतं बघत राहा.

रंग पसरून एकसारखा फिका झाला, झाकण तिरकं केल्यावर पातळ ओघळ आला आणि मागे डाग स्वच्छ सुटत गेला, तर जोडी जमली. कडेला बारीक कण दिसायला लागले, काडीमागे धागा ओढला गेला किंवा थेंबाच्या मध्ये साय धरल्यासारखं झालं, तर हे क्लीनर ओल्या रंगावर कधीही ओतायचं नाही. काही वेळा बदल इतका बारीक असतो की सरळ वरून बघताना कळत नाही. झाकण उजेडासमोर धरा, म्हणजे कण उठून दिसतात.

दुसरी अर्धी चाचणी वाळलेल्या रंगाची. प्लास्टिकच्या तुकड्यावर रंगाचा पातळ हात मारा, एक दिवस वाळू द्या, मग क्लीनरमध्ये बुडवलेला इअरबड त्यावर दहा-बारा वेळा फिरवा. कापसावर रंग उतरला तर खोल साफसफाईला ते क्लीनर उपयोगी. कधीकधी एकच द्रव पहिल्या चाचणीत नापास आणि दुसऱ्या चाचणीत उत्तम पास होतं. माझ्या प्रायमरचं तसंच होतं: ओल्यावर अल्कोहोल पडलं की फाटायचा, पण वाळलेल्या थराला तेच अल्कोहोल हळूहळू सोडवायचं. म्हणजे बाटली फेकून द्यायची नव्हती, तिची पाळी नंतर होती.

तिसरी पायरी: कोणती बाटली कशासाठी

साधं पाणी. पाण्यातल्या रंगांचं पहिलं धुणं नेहमी पाण्यानेच करा. कोमट असेल तर आणखी चांगलं. पाणी जड असेल, म्हणजे भांड्यावर पांढरे डाग सोडणारं असेल, तर शेवटच्या धुण्याला डिस्टिल्ड वॉटर घ्या. क्षारांचा पातळ थर नोझलच्या आत बसला की आतल्या सुईची, म्हणजे मागेपुढे सरकून किती रंग सोडायचा ते ठरवणाऱ्या सुईची, हालचाल खरखरीत होते.

पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड. कपभर पाण्यात एक-दोन थेंब, त्याहून जास्त नको. फेस आत राहिला तर पुढचा रंग बुडबुड्यांसकट येतो. सुटी केलेली नोझल कॅप, नीडल कॅप (नोझल आणि सुईच्या टोकावरची झाकणं) आणि कप धुवायला हे उत्तम.

तयार एअरब्रश क्लीनर. अशा बऱ्याच क्लीनरमध्ये पाणी, साबणासारखे घटक आणि थोडं सावकाश उडणारं सॉल्व्हंट असतं. पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिकसाठी बनवलेलं क्लीनर इनॅमलवर काही करत नाही. त्यामुळे बाटलीवर 'एअरब्रश क्लीनर' लिहिलंय हे पुरेसं नाही, कुठल्या रंगासाठी ते वाचा. सुरुवातीला रंगाच्याच कंपनीचं क्लीनर घेणं मला शहाणपणाचं वाटतं. एकदा हात बसला की स्वतःचं मिश्रण बनवता येतं.

आयसोप्रोपिल अल्कोहोल, बोलीभाषेत आयपीए. ७० टक्के आणि ९९ टक्के अशा दोन ताकदींत सहज दिसतं. ७० टक्क्यांत उरलेलं पाणी असतं, म्हणून ते जरा सौम्य. वाळलेला रंग सोडवायला आणि धातूचे सुटे भाग झटकन कोरडे करायला ९९ टक्के बरं. तामियासारख्या रंगांना दोन्ही चालतात. पाण्यातल्या रंगांना आणि विशेषतः पॉलियुरेथेन प्रायमरना मात्र आधी पाणी, रंग पूर्ण गेल्यावर अल्कोहोल.

आयपीएचा आणखी एक मोठा उपयोग आहे, आणि नवख्यांना तो सहसा कोणी सांगत नाही. पाणी आणि व्हाइट स्पिरिट एकमेकांत मिसळत नाहीत. समजा काल इनॅमल मारलं, टर्पेंटाइनने धुतलं, आणि आज पाण्यातला अ‍ॅक्रिलिक ओतला, तर आत राहिलेला टर्पेंटाइनचा थेंब त्या रंगाला फाडतो. ९९ टक्के आयपीए दोघांतही मिसळतं. म्हणून मध्ये त्याचा पूल बांधायचा: टर्पेंटाइन, मग आयपीए, मग पाणी. उलट दिशेने जातानाही तेच, फक्त क्रम उलटा.

व्हाइट स्पिरिट, मिनरल टर्पेंटाइन. इनॅमल आणि तैलरंगांसाठी. झाडाच्या राळेपासून काढलेलं टर्पेंटाइनही मिळतं, पण ते हवेत चिकट होत जातं. एअरब्रशच्या आत तो चिकटपणा नको, म्हणून मिनरल घ्या.

लॅकर थिनर. ताकदवान द्रव. लॅकरचा रोजचा क्लीनर, आणि बाकीच्यांसाठी अधूनमधून करायच्या खोल साफसफाईचं औषध. इनॅमलचे जुने डाग, कपाच्या कोपऱ्यातली अ‍ॅक्रिलिकची कड, नोझलच्या आतला थर, हे त्याने निघतात. पण आत रबर असेल तर ते फक्त सुट्या धातूच्या भागांवर वापरा, रबरावर नाही. कारण पुढे येतंच आहे.

अ‍ॅसिटोन. शेवटचा उपाय. झाकणात थोडंसं घ्या, फक्त नोझल आणि सुई त्यात ठेवा, काढा, पुसा. संपूर्ण एअरब्रशमधून अ‍ॅसिटोन फवारायची सवय लावून घेऊ नका.

अमोनियावालं काचेचं क्लीनर. हे खूप जण वापरतात आणि अ‍ॅक्रिलिकवर ते चालतंही झकास. तरी मी ते टाळते. बऱ्याच एअरब्रशचं अंग पितळेचं असतं, वरून क्रोम किंवा निकेलचा मुलामा. मुलामा शाबूत आहे तोवर बाहेरच्या अंगाला फारसं काही होत नाही, पण आतल्या आट्यांवर तो पातळ असतो किंवा झिजलेला असतो. अमोनिया आणि पितळ यांचं वैर जुनं आहे. ब्रिटिश फौजांनी भारतात पावसाळाभर तबेल्यांत ठेवलेल्या पितळी काडतुसांना तडे गेलेले सापडायचे. त्याचं कोडं १९२१ साली सुटलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि काडतूस ओढून घडवताना धातूत राहिलेला ताण, या दोघांनी मिळून ते तडे पाडले होते. धातुशास्त्रात आजही त्याला सीझन क्रॅकिंग म्हणतात. एकदा फवारून लगेच पाण्याने धुतलं तर तुमच्या एअरब्रशला तडा जाणार नाही. पण त्यात रात्रभर भिजत ठेवणं नको. अमोनिया नसलेली काचेची क्लीनरं मिळतात, ती वापरा.

ब्लीच अजिबात नको. धातू खातं ते वेगळंच, पण अमोनियाबरोबर आलं तर क्लोरामाइनचा विषारी वायू होतो, आणि अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनबरोबर आलं तर क्लोरोफॉर्मसारखी घातक संयुगं तयार होतात. रंगाच्या टेबलावर ब्लीचची बाटली नसलेलीच बरी. व्हिनेगरसारखी आम्लंही पितळेला बाधतात.

चौथी पायरी: एअरब्रशला काय सोसतं

सुई बहुधा स्टेनलेस स्टीलची असते. तिला वरच्यापैकी कुठल्याही नेहमीच्या सॉल्व्हंटने काही होत नाही. प्रश्न येतो ओ-रिंग आणि पॅकिंगचा, म्हणजे सुईभोवती बसलेल्या त्या बारीक कड्याचा, जे रंगाला मागे ट्रिगरकडे जाऊ देत नाही.

हे पॅकिंग टेफ्लॉनचं असेल तर निश्चिंत राहा, टेफ्लॉनला या यादीतलं काहीच बाधत नाही. माहितीपत्रकात 'पीटीएफई' (टेफ्लॉनचंच रासायनिक नाव) किंवा 'सॉल्व्हंट-प्रूफ' असं लिहिलेलं शोधा. काळं रबर असेल तर ते बहुधा नायट्राइल असतं. त्याला पाणी, साबण, आयपीएचा थोडा वेळ संपर्क आणि व्हाइट स्पिरिट चालतं. अ‍ॅसिटोन आणि लॅकर थिनर चालत नाहीत. व्हिटॉनच्या रिंगा पेट्रोलियमच्या सॉल्व्हंटना छान तोंड देतात, पण अ‍ॅसिटोनपुढे त्याही हरतात. म्हणजे 'महाग रबर घेतलंय, आता काहीही चालेल' असं नाही.

फुगलेली ओ-रिंग कशी दिसते ते एकदा बघून ठेवण्यासारखं आहे. मी एक काळी रिंग मुद्दाम अ‍ॅसिटोनमध्ये ठेवली होती. बाहेर काढली तेव्हा ती जाड, गुळगुळीत आणि लिबलिबीत झाली होती. परत खाचेत बसवायला गेले तर अर्धी आत, अर्धी वर, बोटाने दाबली की दुसऱ्या बाजूने बाहेर. दुसऱ्या दिवशी वाळून आकाराने जवळपास पूर्ववत झाली, पण नखाने दाबल्यावर कडक लागली आणि ताणल्यावर बारीक चिरा दिसल्या. एअरब्रशच्या आत हेच घडत असतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. तुम्हाला जाणवतं ते एवढंच की ट्रिगर जड झाला, किंवा हवा कुठूनतरी फुसफुसतेय.

म्हणून संपूर्ण एअरब्रश कशातही बुडवून ठेवायचा नाही, साध्या पाण्यातसुद्धा नाही. ट्रिगरच्या खालच्या एअर व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग, रिंग आणि थोडं वंगण असतं. तिथे द्रव गेलं की वंगण धुऊन जातं आणि सुटलेला रंग तिथेच जाऊन वाळतो.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष धुणं

फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे जाताना फार काही लागत नाही. उरलेला रंग ओतून टाका, कपात थोडं सौम्य क्लीनर घाला, मऊ ब्रशने कपाच्या कडा फिरवून घ्या, क्लीनिंग पॉटमध्ये, म्हणजे फवारा आत झेलणाऱ्या झाकणाच्या बरणीत, फवारा. द्रव स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा. उलट, काळ्यानंतर पांढरा किंवा पिवळा घ्यायचा असेल तर सुई काढून पुसणंच बरं. काळ्याचा सुईवर राहिलेला पातळ थर पिवळ्याला हिरवट करून टाकतो. मेटॅलिक रंगांचे चमकणारे कणही असेच लपून बसतात.

मध्ये एकदा हवा उलटी फिरवा, याला बॅकफ्लश म्हणतात. कपात क्लीनर असताना नोझल कॅपचं तोंड जाड फडक्याने झाका आणि ट्रिगर खाली दाबून हलकेच मागे ओढा. हवा उलटी कपात येते, बुडबुडे उठतात आणि नोझलच्या मागे अडकलेला रंग सुटून वर येतो. कप काठोकाठ भरू नका, नाहीतर तोंडावर उडेल. आणि नुसतं बोट लावू नका, आत सुईचं टोक आहे.

दिवसाचं काम संपल्यावरचा क्रम हा:

१. रंग ओता, सौम्य क्लीनरने (पाण्यातल्या रंगांना पाणी) द्रव स्वच्छ येईपर्यंत फवारा.

२. त्या रंगाच्या खास क्लीनरने कप अर्धा भरा, बॅकफ्लश करा, दोन मिनिटं तसंच राहू द्या, मग फवारून टाका.

३. मागचं हँडल काढा, सुई धरणारा नट सैल करा आणि सुई सावकाश बाहेर घ्या.

४. क्लीनरने ओल्या केलेल्या टिश्यूत सुई धरून जाड बाजूकडून टोकाकडे ओढा, ओढताना बोटांत फिरवत. टोकाकडून मागे कधीही पुसू नका. टोक वाकतं, आणि बोटातही घुसतं.

५. सुई परत आत सरकवा. अडली की थांबा. आणखी दाबली तर नोझलचं तोंड फाकतं किंवा त्याला चीर जाते, आणि ते कुठल्याच क्लीनरने दुरुस्त होत नाही.

सुई पुसताना तिच्यावर रंगाचं बारीक कडं कुठे दिसतं ते बघा. टोकाजवळ असेल तर नेहमीचंच. पण मध्यावर, पॅकिंगच्या जागेच्या मागे कडं दिसलं तर रंग पॅकिंग ओलांडून गेलाय. आज ट्रिगर ठीक चालेल, चार दिवसांनी चिकटेल. घाणेरडी सुई मागून ओढून काढणं हे त्याचं एक नेहमीचं कारण, कारण टोकावरचा सगळा रंग पॅकिंगमधून घासत जातो. त्यामुळे सुई काढण्याआधी या क्रमातली १ आणि २ ही कामं नीट करा.

खोल साफसफाई रोज करायची नाही. फवारा तुटक यायला लागला, सुईच्या हालचालीत कडकपणा आला किंवा कपात आपोआप बुडबुडे दिसायला लागले की करा. आधी सुई काढा, मगच नोझल. सुई आत असताना नोझल फिरवलं तर दोघांनाही इजा. नोझल सोबत आलेल्या छोट्या पान्यानेच सोडवा, परत बसवताना बोटांच्या दोन टोकांइतकाच जोर. काम ट्रेमध्ये किंवा पसरलेल्या फडक्यावर करा. नोझल तांदळाच्या दाण्याएवढं असतं, जमिनीवर पडलं की सापडत नाही.

नोझल बाटलीच्या झाकणात रंगानुसार निवडलेल्या क्लीनरमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग दातांच्या फटी साफ करायच्या बारीक ब्रशने मागच्या रुंद बाजूने हलकेच फिरवा. शिवणाची सुई किंवा तार घालू नका. एक ओरखडा पडला की फवारा कायमचा एका बाजूला जातो. नोझल उजेडाकडे धरून आत बघा. भोक पूर्ण गोल दिसायला हवं. एका बाजूला सावली दिसली तर रंग अजून आहे, आणखी भिजू द्या. इथे घाई करू नका, वेळ देणं हेच मुख्य काम आहे.

अल्ट्रासॉनिक क्लीनर (ध्वनिलहरींनी द्रव थरथरवून साफ करणारं यंत्र) असेल तर त्यात फक्त सुटे धातूचे भाग टाका, रिंगा काढून. टाकीत पाणी आणि लिक्विडचा थेंब पुरे. आयपीए, थिनर, अ‍ॅसिटोन टाकीत कधीही ओतू नका. ते यंत्र तापतं, त्यात वीज आहे, आणि या द्रवांच्या वाफा पेट घेतात. मुलामा आधीच सुटायला लागला असेल तर या यंत्रात तो आणखी निघतो.

जुळवण्याआधी सुईच्या मागच्या भागाला आणि ट्रिगरच्या सांध्याला एअरब्रशसाठीचं वंगण अगदी टिपूसभर लावा. साधं सिलिकॉन तेल नको, ते रंगात उतरलं की पृष्ठभागावर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

सॉल्व्हंट वापरताना स्वतःला जपा

आयपीएच्या वाफा साधारण १२ अंश सेल्सियसलाच पेट घेण्याइतक्या तयार होतात, अ‍ॅसिटोनच्या उणे २० अंशांना. म्हणजे खोलीच्या तापमानाला दोन्ही कायमच धोक्याच्या हद्दीत. फवारल्यावर तर द्रवाचं धुकं होतं आणि धोका वाढतो. या वाफा हवेच्या दुप्पट जड असतात, त्या जमिनीलगत साचतात, आणि कॉम्प्रेसर बहुधा तिथेच ठेवलेला असतो. त्याची मोटर ठिणगी टाकू शकते. म्हणून कॉम्प्रेसर लांब ठेवा, खिडकी उघडी ठेवा, हवा बाहेर टाकणारा पंखा असेल तर लावा आणि धुताना प्रेशर १५ पीएसआयच्या आसपास उतरवा.

एन-९५ मास्क रंगाचे कण अडवतो, वाफा अडवत नाही. लॅकर थिनर किंवा टर्पेंटाइन फवारायचं असेल तर ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा, म्हणजे सॉल्व्हंटच्या वाफा शोषणाऱ्या डबीचा मास्क लागतो. वास आला नाही म्हणजे काही नाही, असंही समजू नका. नाक लवकर सरावतं. निळे नायट्राइलचे हातमोजे पाणी आणि आयपीएला पुरतात, पण अ‍ॅसिटोन त्यांतून काही मिनिटांतच आरपार जातं. हातमोज्यात ओलसर गार लागलं की लगेच बदला.

वापरलेलं सॉल्व्हंट बेसिनमध्ये ओतू नका. झाकणाच्या काचेच्या बरणीत साठवा. चार-पाच दिवसांत पिगमेंट खाली बसतं आणि वरचं स्वच्छ द्रव पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला परत वापरता येतं. खालचा गाळ धोकादायक कचऱ्यासोबत द्या. जवसाच्या तेलातल्या रंगाची फडकी चुरगाळून ठेवू नका. ती वाळताना स्वतःच तापतात आणि पेटतातही. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकण लावा.

बाटल्यांवर नाव आणि तारीख लिहा. पाणी, आयपीए आणि अ‍ॅसिटोन, तिन्ही रंगहीन असतात. रात्री उशिरा, थकलेल्या डोळ्यांना ती सारखीच दिसतात.

खाद्यरंगांचा किंवा मेकअपचा एअरब्रश पूर्णपणे वेगळा ठेवा. लॅकर किंवा इनॅमल एकदा गेलेला ब्रश कितीही धुतला तरी अन्नासाठी किंवा चेहऱ्यासाठी वापरायचा नाही.

शेवटी: साफ झाला की नाही ते तपासा

कपात स्वच्छ पाणी भरा आणि ट्रिगर खाली दाबा, मागे ओढू नका. नुसती हवा यायला हवी. पाण्याचे थेंब आले तर सुई नीट बसलेली नाही. कपात बुडबुडे उठले तर नोझल सैल आहे, त्याच्या बैठकीखाली रंगाचा कण आहे किंवा त्याला चीर गेली आहे. आता ट्रिगर हळूहळू मागे ओढत वर्तमानपत्राच्या कागदावर एक बारीक ओली रेघ मारा. ती मधेच तुटू नये, एका बाजूला झुकू नये, सुरुवातीला ठिपका पडू नये. मग पाणी फवारून संपवा, दहा सेकंद नुसती हवा सोडा, आणि सुई बाहेर काढून पांढऱ्या कोरड्या टिश्यूतून एकदा ओढा. टिश्यूवर काहीही उमटलं नाही तर सुई परत आत सरकवा, नोझलच्या टोकापासून मिलिमीटरभर मागे घेऊन नट घट्ट करा आणि ब्रश स्टँडवर लावून ठेवा.